मराठी वळणाचं इंग्रजी दुरुस्त कसं करायचं

इंग्रजी सुधारायचं ठरवलं की बहुतेक जण व्याकरणाचं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि काळांच्या बारा प्रकारांपर्यंत पोहोचेतो दमतात. एवढं करायची गरज नसते. शाळेत इंग्रजी शिकलेल्या मराठी माणसाच्या बऱ्याच चुका ठरावीक असतात. मराठीची वाक्यरचना जिथे इंग्रजीशी जुळत नाही, तिथेच त्या पुन्हा पुन्हा होतात. म्हणून आधी स्वतःच्या चुकांची यादी करा. एखाद्या विषयावर १५० शब्द हाताने लिहा, त्याच विषयावर दोन मिनिटं बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि इंग्रजी पक्कं असलेल्या कुणाकडून दोन्ही तपासून घ्या. ज्या तीन चुका सर्वांत जास्त वेळा दिसतील, त्यांच्यावरच पहिले तीन आठवडे घालवा.

आधी या जागा तपासा

पहिली जागा ‘पासून’ची. मराठीत “पाच वर्षांपासून” आणि “२०१९ पासून” दोन्हीकडे एकच शब्द चालतो, आणि क्रियापद वर्तमानकाळातच राहतं: “मी पाच वर्षांपासून नागपुरात राहतो.” हे जसंच्या तसं उचललं की “आय अ‍ॅम लिव्हिंग इन नागपूर सिन्स फाइव्ह इयर्स” असं वाक्य तयार होतं. यात दोन दोष आहेत. किती काळ ते सांगायचं असेल तर ‘फॉर’, कधीपासून ते सांगायचं असेल तर ‘सिन्स’. आणि तेव्हा सुरू झालेली गोष्ट अजून चालू असेल तर ‘हॅव्ह’ हवंच. म्हणजे “आय हॅव्ह लिव्ह्ड इन नागपूर फॉर फाइव्ह इयर्स” किंवा “सिन्स २०१९”. याच्या उलट चूकही तितकीच होते: “आय हॅव्ह सीन हिम यस्टरडे.” वाक्यात काल, गेल्या महिन्यात, २०२२ मध्ये अशी संपलेली वेळ आली की ‘हॅव्ह’ काढून टाका: “आय सॉ हिम यस्टरडे.”

दुसरी जागा ‘आयएनजी’ची. ‘नो’ (माहीत असणं), ‘वॉन्ट’, ‘अंडरस्टँड’, ‘बिलीव्ह’ ही क्रियापदं कृती नाही, स्थिती सांगतात. त्यामुळे “आय अ‍ॅम नोइंग” किंवा “आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स” चालत नाही, “आय हॅव्ह टू ब्रदर्स” म्हणायचं. “आय अ‍ॅम हॅविंग लंच” मात्र बरोबर आहे, कारण जेवणं ही कृती आहे.

तिसरी जागा प्रश्नांची. “तू कुठे चालला आहेस?” यात कर्ता आणि क्रियापद जागा बदलत नाहीत, म्हणून “व्हेअर यू आर गोइंग?” असं तोंडात येतं. “व्हेअर आर यू गोइंग?” हे घोटून झालं की नवीच चूक सुरू होते: “कॅन यू टेल मी व्हेअर इज द काउंटर?” प्रश्नाच्या पोटात प्रश्न आला की आतल्या भागाचा क्रम साध्या वाक्यासारखा ठेवायचा: “कॅन यू टेल मी व्हेअर द काउंटर इज?” रोज पाच सरळ प्रश्न घ्या आणि प्रत्येकाच्या आधी “कॅन यू टेल मी” किंवा “डू यू नो” लावून मोठ्याने म्हणा. नुसतं लिहून ही सवय जात नाही.

‘अ’ आणि ‘अ‍ॅन’चा घोळ मराठी माणसाला चटकन सोडवता येतो. पुढचा शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘अ‍ॅन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अवर, ऑनेस्ट मॅन, एमबीए यांच्या आधी ‘अ‍ॅन’. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-रुपी कॉइन यांच्या आधी ‘अ’. इंग्रजी स्पेलिंगकडे बघितलं तर फसायला होतं, उच्चाराकडे बघितलं तर नाही.

शब्दयोगी अव्ययं तर क्रियापदासोबतच पाठ करावी लागतात. “मॅरीड टू”, “मॅरीड विथ” नाही. “डिस्कस”नंतर “अबाउट” नाही. “एक्स्प्लेन मी” नाही, “एक्स्प्लेन इट टू मी”.

शब्द एकेकटे पाठ करू नका

पन्नास अवघड शब्दांची यादी आठवडाभरात विसरली जाते, आणि लक्षात राहिली तरी ते शब्द वापरायचे कसे ते कळत नाही. खरी अडचण सोप्या शब्दांच्या जोड्यांत असते. आपण फोटो काढतो, इंग्रजीत तो ‘टेक’ करतात, ‘रिमूव्ह’ नाही. लाइट ‘क्लोज’ नाही, ‘टर्न ऑफ’ करतात. लाइट गेली तर “देअर्स अ पॉवर कट”. झोप ‘कमिंग’ नसते, “आय अ‍ॅम फीलिंग स्लीपी”. जे शब्द आपण मराठीत रोज वापरतो तेही तपासा: आपण नाश्त्याला हॉटेलात जातो, पण परदेशी माणसाच्या लेखी ‘होटेल’ म्हणजे मुक्कामाची जागा.

वहीत रोज पाचच नोंदी करा, प्रत्येक नोंद पूर्ण वाक्यात आणि स्वतःच्या आयुष्याशी जोडलेली. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी वाक्य झाकून आठवून बघा. नुसतं परत वाचलं तर ओळखीचं वाटतं, बोलताना मात्र सुचत नाही.

वाचनासाठी नागपुरात चांगली सोय आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सुरू केलेलं ‘द हितवाद’ हे इंग्रजी दैनिक आजही इथून निघतं. शहरातली एक बातमी आधी मराठी दैनिकात वाचा, मग तीच हितवादमध्ये. मजकूर आधीच कळलेला असल्याने सगळं लक्ष भाषेकडे जातं. दोन-तीन शब्दसमूह वहीत घ्या, पेपर मिटा आणि बातमी चार वाक्यांत सांगा.

बोलणं

नागपुरात मराठीने अडलं तर हिंदी हजर असते, त्यामुळे इंग्रजीची गरज पडतच नाही. ती मुद्दाम निर्माण करावी लागते. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास जोडीदाराबरोबर ठरवून बोला. विषय ओळखीचे घ्या: बाहेरगावच्या सहकाऱ्याला तर्री पोहे म्हणजे काय ते समजावणं, खापरीहून मेट्रोने लोकमान्य नगरला कसं जायचं ते सांगणं (ऑरेंज लाइनने सीताबर्डी, तिथे बदलून अ‍ॅक्वा लाइन). जोडीदाराने मध्येच टोकायचं नाही. चुका कागदावर टिपायच्या आणि शेवटी फक्त तीन सांगायच्या. प्रत्येक वाक्याला अडवलं की माणूस पुढच्या वेळी येतच नाही.

उच्चारात दोन गोष्टींनी मोठा फरक पडतो. ‘व्हेरी’तल्या व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. ‘वेल’मधल्या डब्ल्यूला ओठ गोल होतात, दात लागत नाहीत. दुसरं, भूतकाळाचा ‘ईडी’ दरवेळी वेगळा ऐकू येत नाही. ‘वॉक-एड’ नाही, ‘वॉक्ट’. मूळ क्रियापद ट किंवा ड च्या आवाजाने संपत असेल तरच वेगळा उच्चार करायचा: वॉन्टिड, नीडिड.

माणसांशी वागणं

हा भाग शिकवणीत बहुधा राहून जातो, आणि मुलाखतीत नेमका हाच नडतो. मराठीत ‘तुम्ही’, ‘जरा’, ‘ना’ यांनी बोलणं मऊ होतं. इंग्रजीत ती सोय नसल्याने “गिव्ह मी द फॉर्म” हुकमासारखं लागतं, आणि पुढे ‘प्लीज’ जोडूनही पुरेसं मऊ होत नाही. वाक्यच प्रश्नाचं करा: “कुड आय हॅव्ह द फॉर्म, प्लीज?” मतभेद असेल तर “यू आर राँग” ऐवजी “आय सी इट अ लिटल डिफरंटली” म्हणा आणि लगेच कारण द्या. गटचर्चेत शिरायचं असेल तर आधीच्याचा मुद्दा एका वाक्यात सांगून पुढे जा. आपण ऐकत होतो हे त्यातून दिसतं.

ऐकू आलं नाही तर “व्हॉट?” नाही, “सॉरी, कुड यू से दॅट अगेन?” न समजता मान हलवणं सगळ्यात महागात पडतं, कारण पुढचं काम चुकतं. ओळख करून देताना “मायसेल्फ अमुक” नको, “आय अ‍ॅम अमुक” म्हणा. आणि प्रत्येक वाक्याला ‘सर’ लावू नका. सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा पुरे.