संयुग आयनिक आहे की सहसंयुज, हे कसे ओळखावे?

तासगाव-पलूस भागातील द्राक्षबागायतदाराच्या घरी मीठ, साखर, युरिया आणि मोरचूद हे चारही पदार्थ हाताशी असतात. चारही घन असून पाण्यात विरघळतात, त्यामुळे नुसत्या रूपावरून किंवा विद्राव्यतेवरून त्यांतील बंध ओळखण्याचा प्रयत्न करू नये.

सुरुवात सूत्रापासून करावी. सूत्रात धातू आणि अधातू दोन्ही असतील, तर संयुग बहुधा आयनिक असते. मिठात सोडियमचा अणू आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतो आणि तयार झालेले विरुद्ध प्रभाराचे आयन एकमेकांना धरून ठेवतात. साखरेत कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन, तर युरियात त्यांच्या जोडीला नायट्रोजन असतो. हे सारे अधातू इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतात, म्हणून ही संयुगे सहसंयुज होत.

यानंतर संयुक्त मूलके, म्हणजे एकाहून अधिक अणू जोडून बनलेले प्रभारित गट, शोधावीत, कारण विद्यार्थ्यांची सर्वाधिक गफलत येथेच होते. कल्हईसाठी वापरला जाणारा नवसागर, म्हणजे अमोनिअम क्लोराइड, यात एकही धातू नाही, तरीही अमोनिअम मूलकामुळे तो आयनिक आहे. मोरचुदात तर दोन्ही बंध एकत्र नांदतात: तांब्याचा आयन आणि सल्फेट यांच्यात आयनिक, पण सल्फेटमधील गंधक व ऑक्सिजन यांच्यात सहसंयुज.

तरीही शंका राहिल्यास विद्युतऋणतेतील, म्हणजे बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या अणूंच्या क्षमतेतील, फरक काढावा. तो साधारण 1.7 पेक्षा जास्त असल्यास बंध आयनिक मानतात, सोडियम (0.93) आणि क्लोरीन (3.16) यांच्यात तो 2.23 आहे. मात्र ही सीमारेषा ढोबळ आहे. हायड्रोजन फ्लुओराइडमध्ये फरक 1.78 असूनही ते सहसंयुज आहे.

आता प्रत्यक्ष पडताळणी करावी. 9 व्होल्टची बॅटरी, एलईडी, 470 ओहमचा रोधक आणि पेन्सिलीतील ग्रॅफाइटच्या दोन कांड्या एकसरीत जोडाव्यात. घरातील विजेच्या प्लगचा वापर कदापि करू नये. काचेच्या पेल्यात इन्व्हर्टरसाठी मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे, कारण कूपनलिकेच्या पाण्यात मुळातच क्षार असतात आणि निष्कर्ष चुकतो. कांड्या एकमेकींना न टेकवता पाण्यात बुडवाव्यात. नुसत्या पाण्यात आणि साखरेच्या द्रावणात दिवा लागत नाही. चमचाभर मीठ घालताच तो उजळतो आणि कांड्यांवर बुडबुडे चढू लागतात. त्यात थोडा क्लोरीन वायू असू शकतो, म्हणून खिडकी उघडी ठेवून प्रयोग लवकर आटोपावा. कोरड्या मिठात मात्र कांड्या खोचल्या तरी दिवा लागत नाही, कारण स्फटिकातील आयन जागचे हलू शकत नाहीत. मोरचूद विषारी असल्याने तो स्वयंपाकाच्या भांड्यात घेऊ नये.

या चाचणीलाही अपवाद आहे. हायड्रोजन क्लोराइड हा सहसंयुज वायू पाण्यात विरघळताना आयन निर्माण करतो, म्हणून त्याचे द्रावण वीज वाहून नेते. द्रवणांकाचेही तसेच. आयनिक संयुगांचा द्रवणांक सहसा जास्त असतो: मीठ 801 अंश सेल्सिअसला वितळते आणि युरिया 133 अंशांनाच, पण वाळूतील क्वार्ट्ज सहसंयुज असूनही वितळण्यासाठी 1,600 अंशांहून अधिक तापमान लागते, कारण त्यात सुटे रेणू नसून बंधांचे अखंड जाळे असते.