डिस्क्रिमिनेशन शून्यावर आणलं आणि अंगठी सापडली

कांदा लागवडीत वहिनींची सोन्याची अंगठी वाफ्यात पडली. भाड्याने आणलेला मेटल डिटेक्टर मात्र गप्प. खिळे, तारा आणि पुड्यांचा चकाकता कागद टाळायला त्यावर डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचा आवाज दाबणारी सेटिंग) बरंच चढवलेलं होतं.

बारीक अंगठी आणि अ‍ॅल्युमिनियमचा कागद यांचे सिग्नल अगदी शेजारी-शेजारी येतात. कागद गाळला की अंगठीही बहुतेक गाळली जाते. वस्तू खोल गेली असेल तर दुखणं आणखी वेगळं. डिस्क्रिमिनेशनमुळे कॉइलची (जमिनीवरून फिरवायच्या चकतीची) ताकद घटत नाही, पण वस्तू जितकी खोल तितका तिचा सिग्नल क्षीण, आणि त्यात मातीचा सिग्नल मिसळतो. आपली काळी माती बेसाल्टची, चुंबकीय खनिजं असलेली. मग खोलातलं सोनंही यंत्राला लोखंडासारखं भासतं आणि यंत्र आवाजच दाबून टाकतं.

खात्री करायला वहिनींची दुसरी, तसलीच अंगठी घेतली. मातीवर ठेवली तर वाजली, चार बोटं खाली पुरली की गप्प. डिस्क्रिमिनेशन शून्यावर घेतल्याबरोबर तिथेच बारीक, पण जाता-येता सारखा आवाज!

मग स्वच्छ जागेवर कॉइल खालीवर करून ग्राउंड बॅलन्स (मातीचा सिग्नल वगळायची जुळणी) साधला, सेन्सिटिव्हिटी जरा उतरवली (काळ्या मातीत नाहीतर यंत्र सारखं खडखडतं) आणि कॉइल जमिनीलगत, सावकाश फिरवली. खिळेही वाजले, ते खुरप्याने काढत गेलो. अंगठी रोपांच्या ओळीतच, मुळांखाली रुतलेली निघाली. कागदाचा कचरा जास्त असेल तिथे लहान कॉइल लावावी, डिस्क्रिमिनेशन वाढवू नये.