गृहनिर्माण संस्थेची निवडणूक आणि उपविधींतील बदल : तयारी कशी करावी

सांगली जिल्ह्यातल्या माणसाला सहकारातील निवडणूक समजावून सांगण्याची गरज नसते. साखर कारखाना, विकास सोसायटी, बाजार समिती, बँक अशा कुठल्या ना कुठल्या मतदार यादीत घरातल्या एकाचे तरी नाव असते आणि पॅनेल कसे बांधले जाते, अर्ज कधी मागे घेतला जातो, हे सगळ्यांना ठाऊक असते. आपण ज्या इमारतीत राहतो तिच्या बाबतीत मात्र हीच माणसे वार्षिक सभेत, चहा येण्याच्या आधी, ‘मागचीच समिती पुढे चालू ठेवू’ असे म्हणून हात वर करतात आणि निवडणूक झाली असे समजतात. कायद्याच्या दृष्टीने ती निवडणूक नसते, आणि पुढे थकबाकी वसुलीचा किंवा मोठ्या दुरुस्तीचा प्रश्न उभा राहिला की पहिला आक्षेप त्या समितीच्या अधिकारावरच येतो. छत्तीस सदनिकांच्या संस्थेचा सचिव म्हणून मी दोन कार्यकाळ काम केले. त्या अनुभवावरून सांगतो की मतदानाच्या दिवशी फार थोडे ठरते. निवडणूक मतदार यादीत ठरते आणि नियमातला बदल सभेच्या नोटिशीत ठरतो. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींवर अधिक भर दिला आहे.

सुरुवातीला आपली इमारत कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे ते कागदावर पाहून घ्यावे. सांगली, मिरज आणि सातारा या शहरांत बाहेर ‘सोसायटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कितीतरी इमारती प्रत्यक्षात महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, 1970 खाली घोषणापत्र करून झालेल्या असतात. तेथे सदनिकाधारकाच्या मताचे वजन घोषणापत्रात त्याच्या सदनिकेला दिलेल्या हिश्शाच्या टक्केवारीवर ठरते, आणि उपविधींतील, म्हणजे इमारतीच्या नोंदलेल्या नियमावलीतील, बदल घोषणापत्राच्या दुरुस्तीत नमूद होऊन ती दुरुस्ती नोंदवली जाईपर्यंत वैध ठरत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेल्या संस्थेत मात्र सदनिका लहान असो वा मोठी, एका सभासदाला एकच मत असते. यापुढील सर्व विवेचन या दुसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेबद्दल आहे. 2019 साली या अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी 13-ब हे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबून राहू नये.

मतदार यादी

समितीचा कार्यकाळ पाच वर्षांचा असतो. तो संपण्याच्या किमान चार महिने आधी तयारीला लागावे, असे माझे मत आहे, कारण कार्यकाळ उलटून गेल्यावर समितीला कारभार करण्याचा अधिकार राहत नाही आणि निबंधकांना, म्हणजे सहकार खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्यांना, प्रशासक नेमण्याची वेळ येऊ शकते. पहिले काम म्हणजे सभासदांची नोंदवही, जिला आपण ‘आय’ रजिस्टर म्हणतो, आणि ‘जे’ नमुन्यातील सभासदांची यादी या दोन्ही समोर ठेवून प्रत्येक सदनिकेची नोंद भाग दाखल्याशी (शेअर सर्टिफिकेटशी) ताडून पाहणे. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला दोन-तीन रविवार लागतात, आणि तरीही ते टाळू नये.

आमच्या एका निवडणुकीच्या सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मतदानाला आल्या. पतीचा भाग दाखला त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून आणला होता. पती जाऊन तीन वर्षे झाली होती, देखभाल खर्च त्या न चुकता भरत होत्या, पण यादीत नाव पतीचेच होते. त्यांना मत देता आले नाही. टेबलापाशी त्या काही क्षण उभ्या राहिल्या, दाखला पुन्हा पिशवीत घातला आणि वर गेल्या. नामनिर्देशन झालेले होते, अर्ज केला असता तर वारसाहक्काचा निर्णय होईपर्यंत त्यांना तात्पुरत्या सभासद म्हणून दाखल करून घेता आले असते आणि त्यांचे मत ग्राह्य धरले गेले असते. अर्ज करायचा असतो हे त्यांना आमच्या समितीने कधी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक संस्थेला सांगतो की गेल्या पाच वर्षांत ज्या घरात मृत्यू झाला आहे, त्या घरी पदाधिकाऱ्यांनी स्वतः जाऊन नामनिर्देशनाची नोंद पाहावी आणि अर्ज भरून घ्यावा.

दुसरी अडचण आपल्या भागात याहून सर्रास आढळते. सदनिका मुलाच्या नावावर, मुलगा पुण्याला किंवा परदेशात, आणि येथे राहतात आईवडील. बारा-बारा वर्षे संस्थेची सगळी कामे अंगावर घेणारे वडील मतदानाच्या दिवशी यादीबाहेर असतात. मुलाने दिलेले मुखत्यारपत्र किंवा फोनवरून कळवलेली संमती येथे चालत नाही, कारण सहकारी संस्थेत प्रतिनिधीमार्फत मत देता येत नाही. यावर कायद्याने दिलेला मार्ग सहयोगी सभासदत्वाचा आहे. सभासदाच्या लेखी शिफारशीवरून त्याचे आईवडील, पती किंवा पत्नी, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, सून, जावई अशा जवळच्या नातलगाला सहयोगी सभासद म्हणून दाखल करून घेता येते आणि सभासदाच्या आगाऊ लेखी संमतीने तो सभासदाचा हक्क बजावू शकतो. हा अर्ज समितीच्या बैठकीत मंजूर होऊन नोंदवहीत चढावा लागतो, म्हणून तो यादी तयार होण्याच्या आधी द्यावा. दिवाळीला मुलगा घरी येतो तेव्हा त्याची सही घेऊन ठेवणे सगळ्यांत सोपे.

निवडणुकीची प्रक्रिया

अडीचशेपर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थेला आपली निवडणूक विहित पद्धतीने स्वतः घेता येते. आपल्या शहरांतील बहुतेक संस्था याच वर्गात मोडतात. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून स्वतः उभा न राहणारा एखादा सभासद किंवा सहकार खात्याच्या पॅनेलवरील व्यक्ती घेता येते. संस्थेत दोन गट असतील तर थोडे मानधन पडले तरी बाहेरची व्यक्ती घ्यावी; आपल्यातल्या माणसाने कितीही सचोटीने काम केले तरी हरलेल्या गटाच्या मनातला संशय जात नाही आणि पुढची पाच वर्षे जिन्यात त्याला तो सोसावा लागतो. सांगली शहर मिरज तालुक्यात येत असल्याने येथील संस्थांचा पत्रव्यवहार मिरज तालुक्याच्या सहकारी संस्था निबंधक कार्यालयाशी होतो, हे नव्या सचिवांनी लक्षात ठेवावे.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकार खात्याने घालून दिलेल्या नमुना नियमावलीप्रमाणे, शंभरपर्यंत सभासदांच्या संस्थेत अकरा जणांची समिती असते. त्यांपैकी सहा जागा सर्वसाधारण, दोन महिलांसाठी, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्त जाती किंवा विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी प्रत्येकी एक जागा राखीव असते. राखीव जागेसाठी पात्र सभासद नसेल तर ती जागा रिकामी राहते, ती सर्वसाधारण गटातून भरायची नसते. राखीव जागेसाठी सर्व सभासद मत देतात. महिलांच्या जागेला फक्त महिलांनीच मत द्यायचे, हा समज मी अनेक ठिकाणी ऐकला आहे आणि त्यापायी मतपत्रिका वाया गेलेल्याही पाहिल्या आहेत.

उमेदवार थकबाकीदार नसावा. बिल किंवा नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत रक्कम न भरणारा सभासद थकबाकीदार ठरतो, म्हणून सर्वांना बिले वेळेवर आणि पोच घेऊन दिलेली असली पाहिजेत. बिलच दिले नाही आणि छाननीच्या टेबलावर अचानक थकबाकी दाखवली, असा प्रकार न्यायाचा नाही आणि तो टिकतही नाही. दोनांहून अधिक अपत्यांबाबतची अपात्रता गृहनिर्माण संस्थेलाही लागू आहे, याची अनेकांना कल्पना नसते. कच्ची यादी, हरकती, पक्की यादी, अर्ज, छाननी, माघार आणि मतदान हा पुढचा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रत्येक टप्प्याचा कागद सूचनाफलकावर लावून त्यावर तारीख आणि वेळ लिहावी व त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, एवढेच सांगतो. जागांइतकेच अर्ज उरले तर निवड बिनविरोध जाहीर होते, पण त्यासाठीसुद्धा ही सर्व प्रक्रिया पार पाडावीच लागते. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांची निवड सभासद थेट करत नाहीत; निवडून आलेली समिती ती आपल्या पहिल्या बैठकीत करते. निकालाबद्दल तक्रार असल्यास ती दोन महिन्यांच्या आत सहकार न्यायालयात नेता येते.

नियम बदलायचा असेल तर

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण निम्मे वाद तिच्या अज्ञानातून होतात. प्रत्येक नियम म्हणजे उपविधी नव्हे. वाहनतळाची वाटपपद्धत, गच्चीच्या वापराची वेळ, पाण्याचा पंप कधी चालू करायचा या गोष्टी उपविधींच्या चौकटीत राहून सर्वसाधारण सभा साध्या बहुमताने ठरवू शकते. उपविधींत जे लिहिलेले आहे तेच बदलायचे असेल तर मात्र मार्ग वेगळा आणि लांबचा आहे.

आमच्याकडे 2019 च्या महापुरानंतर हे दोन्ही प्रकार एकाच वर्षी आले. त्या वेळी आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती, जिथे धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. आमच्या तळमजल्यावरचे विजेचे मीटर आणि पंप पाण्याखाली गेले. ते वरच्या मजल्यावर हलवण्याचा आणि त्यासाठी प्रत्येक घरामागे वर्गणी काढण्याचा विषय सर्वसाधारण सभेच्या साध्या ठरावाने मार्गी लागला. त्याच सभेत तळमजल्याच्या सभासदांनी लिफ्टच्या खर्चातून सूट मागितली. मागणी मला योग्य वाटत होती. पण आदर्श उपविधींत लिफ्टचा खर्च, ती वापरा वा न वापरा, इमारतीतील सर्व सभासदांनी समान वाटून घ्यायचा असे स्पष्ट लिहिलेले आहे, म्हणजे येथे उपविधीच बदलावा लागणार होता. आम्ही विशेष सर्वसाधारण सभा बोलावली, तिला लागणारी पाच पूर्ण दिवसांची नोटीस दिली, विषय लिहिला ‘लिफ्ट खर्चाबाबत चर्चा व निर्णय’, आणि ठराव जवळजवळ एकमताने मंजूर झाला. प्रस्ताव निबंधक कार्यालयातून परत आला आणि तो परत येणे योग्यच होते. उपविधी दुरुस्तीसाठी चौदा पूर्ण दिवसांची नोटीस लागते, आणि सभासदांना काय बदलणार आहे ते अक्षरशः वाचायला मिळाले पाहिजे.

पूर्ण दिवस मोजताना नोटीस वाटल्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरायचा नसतो. सभा 20 तारखेला असेल तर नोटीस 5 तारखेला हातात पडलेली असावी, म्हणजे 6 ते 19 असे चौदा दिवस भरतात. नोटिशीसोबत तीन रकान्यांचा तक्ता जोडावा: सध्याचा उपविधी जसाच्या तसा, दुरुस्तीनंतर तो कसा वाचला जाईल, आणि बदलाचे कारण. बाहेरगावच्या सभासदांना नोंदणीकृत पत्त्यावर पाठवून पोचपावत्या फाइलला लावाव्यात. व्हॉट्सअॅपच्या गटावर नोटीस टाकणे ही सोय आहे. तिच्यावर एकट्यावर विसंबू नये.

सभेची गणपूर्ती (कोरम) एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. छत्तीस सभासदांच्या संस्थेत दोन तृतीयांश म्हणजे चोवीस होतात, म्हणून तेथे वीस पुरतात. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुढे कमी उपस्थितीतही कामकाज करू शकते, पण उपविधीसारखा विषय नऊ-दहा जणांच्या तहकूब सभेत उरकू नये, असा माझा आग्रह आहे. ज्याच्या खिशाला झळ बसणार आहे तो समोर असावा. मंजुरीसाठी हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मते लागतात. सव्वीस हजर असतील, दोघे तटस्थ राहिले आणि चोवीस जणांनी मत दिले, तर बाजूने सोळा मते हवीत. इतिवृत्तात ‘बहुमताने मंजूर’ एवढेच लिहू नये. हजर किती, बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, हे आकडे त्याच सभेत वाचून दाखवून लिहावेत.

ठरावानंतर दोन महिन्यांच्या आत निबंधकांकडे अर्ज गेला पाहिजे. सोबत नोटिशीची प्रत, ठराव, जुना व नवा मजकूर जोडावा. निबंधकांकडे नोंद होईपर्यंत बदल अमलात येत नाही, म्हणून तोवर जुन्याच दराने बिले काढावीत. कायद्याशी किंवा शासनाच्या आदेशाशी विसंगत बदल कितीही मतांनी मंजूर झाला तरी टिकत नाही. उदाहरणार्थ, भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदाकडून बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. 2001 च्या शासन आदेशाने ती मर्यादा घातलेली आहे.

समितीला एखादा विषय सभेपुढे आणायचाच नसेल, तर एक पंचमांश सभासदांनी विषय लिहून, सह्या करून लेखी मागणी द्यावी. समितीला एका महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. मागणीपत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नये.

आमचा लिफ्टचा विषय दुसऱ्या वेळी तीन रकान्यांच्या तक्त्यासह, चौदा दिवसांच्या नोटिशीने पुन्हा सभेपुढे गेला आणि नोंदवला गेला. नोंद झालेल्या उपविधीची प्रत आम्ही प्रत्येक घरात दिली, एक मूळ दप्तरात लावली, आणि नव्या समितीला कार्यभार देताना दप्तराच्या यादीत तिचा पान क्रमांक लिहून दोन्ही सचिवांच्या सह्या घेतल्या.