आई-वडील गावी, आपण दूर : पक्षाघातानंतरची शुश्रूषा लांबून कशी उभी करावी

पक्षाघाताचा रुग्ण बरा होऊन घरी येतो असे नातेवाइकांना वाटते. प्रत्यक्षात तो जिवावरच्या संकटातून सुटून घरी येतो आणि बरे होण्याचे काम तिथून पुढे सुरू होते. हालचाल आणि वाचा यांतली सर्वाधिक सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, म्हणजे मुले आपापल्या नोकरीच्या गावी परतलेली असतात नेमक्या त्याच काळात. वडील तासगावजवळच्या खेड्यात किंवा चिपळुणात आणि मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा दुबईत असतील, तर लांबून हाताने सेवा करता येत नाही, पण सेवेची घडी बसवता येते. ती बसवताना रुग्ण एक असला तरी आराखडा दोघांचा करावा लागतो, कारण अशा घरात बहुतेक वेळा दुसरी व्यक्तीही सत्तरीच्या आसपासची असते आणि तिची कंबर गेली की सगळेच कोलमडते.

घरी सोडण्यापूर्वी

रजा मोजकी असेल तर ती दवाखान्यातल्या पहिल्या गर्दीत संपवू नये. घरी सोडण्याच्या आधीचे दोन दिवस आणि घरी आल्यानंतरचा आठवडा यांसाठी राखून ठेवावी. अतिदक्षता विभागाबाहेर बसायला माणसे मिळतात, पण नाकातल्या नळीतून अन्न कसे द्यायचे हे शिकून घेणारे कोणी मिळत नाही.

डॉक्टरांना नेमके विचारायचे ते असे. झटका रक्ताची गुठळी अडकल्याने आला की मेंदूत रक्तस्राव झाल्याने? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या द्यायच्या की टाळायच्या, हे यावर ठरते. गिळण्याची तपासणी झाली आहे का, आणि पाणी, पातळ भाजी, मऊ भात यांपैकी काय तोंडाने चालेल? लघवीची नळी असेल तर ती कधी काढायची किंवा बदलायची आणि ते काम कोण करणार? रक्तदाब किती राखायचा, आणि कोणत्या आकड्यावर फोन करायचा? डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचे अहवाल आणि औषधांची चिठ्ठी यांचे स्पष्ट फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या फोनवर ठेवावेत. कूस बदलणे, खाटेवरून खुर्चीत बसवणे, नळीची स्वच्छता या गोष्टी परिचारिकेकडून घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने एकदा करून पाहाव्यात. तिची परवानगी असेल तर त्याचे चित्रीकरण करावे, कारण आठवड्याने मदतनीस बदलली तर तेच उपयोगी पडते.

गिळण्याचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित राहतो, म्हणून त्याविषयी थोडे अधिक. अर्ध्या अंगाबरोबर घशाचे स्नायूही दुबळे झालेले असतील, तर घोटभर पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. काही रुग्णांना ठसकाही लागत नाही. जेवताना पाठ सरळ ठेवून बसवावे, घास लहान द्यावा, आधीचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. जेवणानंतर आवाज घरघरत असेल किंवा अधूनमधून ताप येत असेल, तर ही गोष्ट त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालावी.

गावात कारभारी एकच नेमावा

दूर राहणाऱ्या तीन भावंडांनी आईला रोज तीन वेगवेगळ्या सूचना देणे, हा अशा घरांतला नेहमीचा घोळ आहे. गावातल्या एका माणसाकडे निर्णय सोपवावा आणि दूरच्या भावंडांपैकी एकानेच त्याच्याशी बोलावे; बाकीच्यांनी पैसे, कागदपत्रे, औषधांची खरेदी अशी कामे वाटून घ्यावीत. हा माणूस सख्खाच असावा असे नाही. शेजारचा निवृत्त शिक्षक किंवा पाच मिनिटांत दारात उभा राहू शकणारा चुलतभाऊ तालुक्याच्या गावी राहणाऱ्या सख्ख्या मेहुण्यापेक्षा अधिक उपयोगी असतो. मात्र रात्री दवाखान्यात न्यायचे की नाही आणि किती खर्च करायचा, हे आपल्याला न विचारता ठरवण्याची मुभा त्याला स्पष्ट शब्दांत द्यावी. थोडी रक्कमही त्याच्या हाती ठेवावी. पदरचे पैसे घालून नंतर मागायला माणूस संकोचतो.

डॉक्टरही जवळचाच हवा. मिरजेचा किंवा कोल्हापुरातला मेंदूविकारतज्ज्ञ उपचाराची दिशा ठरवील, पण ताप, बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग यांसाठी घरी येणारा गावातला डॉक्टर लागतो. त्याला पहिल्याच आठवड्यात फोन करून सर्व कागद पाठवावेत. तज्ज्ञाच्या फेरतपासणीपैकी काही भाग दूरध्वनीवर होऊ शकतो. दूरवैद्यकीय सल्ल्याविषयीच्या (टेलिमेडिसिन) २०२० च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनी भारतात अशा सल्ल्याला स्पष्ट चौकट दिली आहे. प्रवासात रुग्णाचे जे हाल होतात, ते पाहता हा पर्याय विचारण्यासारखा आहे.

घर आणि सामान

खाट अशा उंचीची असावी की कडेला बसल्यावर पाय जमिनीला टेकतील. दवाखान्यातली वर-खाली होणारी खाट, कमोड खुर्ची आणि चाकांची खुर्ची भाड्याने मिळतात. पहिल्या महिन्यात विकत घेण्याची घाई करू नये, कारण गरज झपाट्याने बदलते. हवेची गादी पंपावर चालते हे लक्षात ठेवावे. कोकणात पावसाळ्यात वीज गेली की ती सपाट होते, म्हणून खाली जाड फोमची गादी आणि शक्य असल्यास इन्व्हर्टर असावा. हवेची गादी आहे म्हणून दर दोन तासांनी कूस बदलण्यातून सुटका होत नाही. माकडहाड आणि टाचा रोज उघडून पाहाव्यात आणि दाबूनही न जाणारी लाली दिसली तर ती जखमेची सुरुवात समजावी.

मावशी किंवा मामा ठेवताना

ब्युरोकडून मदतनीस घेताना ‘पेशंट सांभाळायचा अनुभव आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. नळीतून अन्न देता येते का, रुग्णाला उचलून बसवता येते का, डायपर बदलण्याची तयारी आहे का, हे थेट त्यांनाच विचारावे. ड्यूटी बारा तासांची की चोवीस तासांची, जेवण कोणाचे, आठवड्याची सुट्टी कोणती आणि त्या दिवशी बदली कोण देणार, हे आधी ठरवावे. घरचा स्वयंपाक आणि धुणी-भांडी हे त्यांचे काम नव्हे. ते कोणी करायचे हे ठरलेले नसेल, तर पहिला खटका तिथेच उडतो. पोलीस पडताळणी करून घ्यावी. गणपती आणि दिवाळीत मावशी गावी जाणारच, तेव्हा आपली रजा त्याच दिवसांत टाकावी.

काही सूचना लिहून खाटेजवळ भिंतीवर लावाव्यात. लुळा पडलेला हात धरून ओढू नये, कारण खांद्याचा सांधा निखळतो. उठवताना कमरेला किंवा पाठीला आधार द्यावा. लुळ्या बाजूला गरम पाण्याची पिशवी लावू नये, कारण स्पर्श कळत नसल्याने भाजलेलेही कळत नाही. डाव्या बाजूचा पक्षाघात असलेल्या काहींना ताटातली डावीकडची भाजी लक्षातच येत नाही. ‘जेवत नाहीत’ म्हणण्यापूर्वी ताट फिरवून पाहावे.

वही आणि फोन

दोनशे पानी वही आणावी. त्यात रक्तदाब, साखर, दिलेली औषधे, किती पाणी प्यायले, लघवी-शौच, ताप, कूस बदलल्याच्या वेळा आणि झालेला व्यायाम एवढेच लिहायचे. रात्री त्या पानाचा फोटो कारभाऱ्याशी बोलणाऱ्या भावंडाकडे यावा. ‘बरे आहेत’ या उत्तरापेक्षा हे पान अधिक बोलते. खोलीत कॅमेरा लावण्याची कल्पना अनेकांना सुचते. माझ्या मते तो दिवाणखान्यापुरता ठेवावा आणि मावशीला व रुग्णाला सांगूनच लावावा. अंग पुसताना, कपडे बदलताना कोणीतरी पाहत आहे ही जाणीव दोघांनाही अपमानास्पद असते, आणि कॅमेऱ्यात टाचेची लाली दिसत नाही.

वाचा गेलेल्या माणसाशी फोनवर बोलणे अवघड असते, पण ते सोडू नये. मोठ्याने बोलण्याचा उपयोग नाही, कारण कान बहुधा ठीक असतात. एका वेळी एकच प्रश्न, तोही हो-नाही असा, आणि उत्तरासाठी पुरेशी वाट. पाणी मागता न येणारी व्यक्ती रामरक्षा किंवा पाढे मात्र ओळीने म्हणून जाते, हे पाहून घरचे चकित होतात. पाठ झालेले असे बोलणे मेंदूत निराळ्या वाटेने टिकून राहू शकते. व्हिडिओ कॉलवर बरोबरीने अभंग म्हणावा. रडू येणे, जेवण टाकणे, व्यायामाला नकार देणे हे दोन आठवडे चालले तर तो हट्ट मानू नये. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि त्यावर औषध आहे.

व्यायामावर खर्च करावा

पैसे मर्यादित असतील तर ते फिजिओथेरपिस्टच्या घरभेटींवर आधी खर्च करावेत. आठवड्यातून तीन भेटी परवडत असतील तर उरलेल्या दिवसांचा व्यायाम त्याने मावशीला शिकवावा, आणि दर महिन्याला एकच गोष्ट मोजावी : आधाराशिवाय किती वेळ बसता येते, किंवा किती पावले चालता येते. याच काळात लकव्यावर पारव्याच्या रक्ताचे मालिश सुचवणारे आणि ‘या गोळ्या बंद करा’ सांगणारे घरी येतातच. हलक्या हाताने तेल लावण्याने बिघडत नाही; गोळ्या बंद केल्याने मात्र दुसरा झटका येऊ शकतो.

बँक, निवृत्तिवेतन, सही

उजवा हात गेला की सही जाते. खातेदार सही करू शकत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घेण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे, आणि त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ७० वर्षांवरील व्यक्तींना आणि अपंगांना घरपोच मूलभूत सेवा देण्याविषयीही सूचना आहेत; शाखेत लेखी अर्ज करावा. निवृत्तिवेतनधारकाचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला चेहऱ्याच्या ओळखीवरून घरबसल्या फोनवर देता येतो.

मुखत्यारपत्राबाबत एक गैरसमज आहे. ते देणाऱ्याला समज असतानाच करता येते आणि त्याची समज गेली तर भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार ते संपुष्टात येते. तेव्हा कोर्टाकडून पालक नेमून घेण्याचा लांबचा मार्ग उरतो. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असे नव्हे, म्हणून मुखत्यारपत्र करायचे असेल तर समज शाबूत असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे आणि लवकर करावे.

पुन्हा झटका आला तर

हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे. तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण अचानक दिसले तर घड्याळ पाहून वेळ लिहावी, १०८ ला फोन करावा आणि तोंडात पाणी किंवा गोळी घालू नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून रात्री-अपरात्री स्कॅन आणि हे इंजेक्शन दोन्ही उपलब्ध असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे आजच फोन करून विचारावे आणि त्याचे नाव भिंतीवरच्या कागदावर लिहावे. आपल्याला फोन नंतर करायचा, आधी गाडी, हे आईला बजावून सांगावे.

आपली भेट

गावी गेल्यावर पाहुण्यांसारखे खाटेजवळ बसून राहू नये. दोन रात्रींची ड्यूटी स्वतः करावी; वहीत न येणाऱ्या गोष्टी तेव्हाच कळतात. मावशीशी आईसमोर न बोलता वेगळे बोलावे, आणि आईशीही. आईचा स्वतःचा रक्तदाब, मधुमेहाची तपासणी, लांबलेले मोतीबिंदूचे ऑपरेशन याच भेटीत मार्गी लावावे, आणि तिला चार दिवस बहिणीकडे पाठवावे. ती नाही म्हणेल. तिकीट काढूनच सांगावे.