परदेशी जाताना प्रीपेड सिम: घरातून निघण्यापूर्वीची तयारी

ठाण्यातल्या घरांतून पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या फायली महिनाभर आधी तयार असतात. सिमचा विचार मात्र बहुतेक जण मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वर बॅगा देऊन झाल्यावर, समोर दिसेल त्या काउंटरपाशी उभे राहून करतात. आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीतून दर मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत पाच-सहा कुटुंबे बाहेर जातात आणि निघण्याच्या आदल्या रात्री हमखास विचारतात, "काकू, तिकडे कोणते सिम घेऊ?" या प्रश्नाचे उत्तर देशाच्या नावापासून सुरू करू नये, असे माझे मत झाले आहे. आधी आपल्या भारतीय नंबराची व्यवस्था लावावी, मग हातातला फोन तपासावा आणि त्यानंतरच तिकडचे सिम निवडावे.

भारतीय नंबर पहिला, कारण बँकेचा, कार्डाचा आणि यूपीआयचा सगळा कारभार त्याच्यावर येणाऱ्या ओटीपीवर चालतो. बँकेची आणि यूपीआयची ॲप नोंदवलेले सिम फोनमध्ये आहे की नाही हेही तपासतात. त्यामुळे भारतीय सिम काढून पाकिटात ठेवणे आणि त्या जागी परदेशी सिम घालणे हा जुना मार्ग आता अडचणीचा ठरतो. रिचार्जची वैधता परतीच्या तारखेच्या किमान आठवडाभर पुढे जाईल असे पाहावे. आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे का, हे कंपनीच्या ॲपमध्ये स्वतः बघावे आणि पॅक न घेताही परदेशात एसएमएस मिळतील का, हे ग्राहक सेवेला विचारून घ्यावे. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांनी तर हे काम सर्वांत आधी करावे. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नियमानुसार प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरात नसेल तर तो बंद होऊ शकतो. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असल्यास ते कापून मुदत ३० दिवसांनी वाढते. प्लॅन संपल्यावर एसएमएस येणे त्याआधीच थांबू शकते, म्हणून इथल्या एखाद्या जबाबदार नातेवाइकाकडे रिचार्जच्या तारखा लिहून द्याव्यात.

आता माझी फजिती सांगते, कारण तिच्यातून तयारीच्या यादीतली एक तारीख ठरते. थायलंडला निघण्याच्या आदल्या दिवशी, प्लास्टिकच्या सिमची जागा मोकळी व्हावी म्हणून मी माझ्या भारतीय नंबराचे ई-सिम, म्हणजे फोनमध्येच साठवले जाणारे कार्डाविना सिम, करून घेतले. पाच मिनिटांत काम झाले, कॉल सुरू झाले आणि मी शहाणपणाच्या आनंदात घरी आले. संध्याकाळी हॉटेलचे उरलेले पैसे कार्डाने भरायला बसले तर ओटीपी येईना. सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा दूरसंचार विभागाचा नियम २०२२ पासून आहे. फसवणूक टाळण्यासाठी तो योग्यच आहे, पण दुकानातल्या मुलाने तो सांगितला नाही आणि मीही विचारले नाही. शेवटी यजमानांच्या कार्डावर निभावले. तेव्हा भारतीय सिममध्ये कोणताही बदल करायचा असेल तर प्रवासाच्या किमान आठवडाभर आधी करावा. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहारांची सोय सुरू करणेही त्याच बैठकीत उरकावे. २०२० पासून नव्या कार्डांवर ती आपण सांगितल्याशिवाय सुरू होत नाही आणि तिकडचे टॉपअप भरताना नेमकी तिचीच गरज लागते.

मग फोन. डायल पॅडवर *#०६# दाबावे. आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख पटवणाऱ्या, क्रमांकांच्या सोबत ईआयडी नावाचा लांबलचक क्रमांक दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे असे समजावे. तो दिसला नाही तर दुसऱ्या सिमची खाच पाहावी. आपल्याकडच्या बऱ्याच फोनमध्ये ती खाच हायब्रिड असते, म्हणजे तिथे एक तर सिम बसते नाही तर मेमरी कार्ड. मेमरी कार्डात नातवंडांचे चार वर्षांचे फोटो असतील तर ते बँकॉकच्या काउंटरवर उभे राहून काढू नये. घरीच त्यांची प्रत करून ठेवावी. भाच्याने अमेरिकेतून आणलेला फोन असेल तर दोन गोष्टी मुद्दाम तपासाव्यात. हप्त्यांवर घेतलेला फोन तिथल्या कंपनीशी लॉक केलेला असू शकतो आणि मग त्यात दुसऱ्या कोणाचेही सिम चालत नाही. शिवाय आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिमची खाचच नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी ई-सिमखेरीज पर्याय उरत नाही.

बँडचा, म्हणजे फोन कोणत्या लहरींवर नेटवर्क पकडतो याचा, मुद्दा रुक्ष आहे, पण अमेरिकेला जाणाऱ्यांनी तो सोडू नये. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केले, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये. आता तिथे साधा कॉल लागण्यासाठीही फोनमध्ये व्होल्टे, म्हणजे फोरजीवरून कॉल करण्याची सोय, हवी आणि ती त्या कंपनीच्या नेटवर्कवर चालायला हवी. भारतासाठी बनवलेल्या स्वस्त फोनमध्ये अमेरिकेत जास्त वापरले जाणारे १२, १३ किंवा ७१ क्रमांकांचे बँड पुष्कळदा नसतात. शहरात चालणारा फोन गावाबाहेर गेला की मुका होतो. ज्या कंपनीचे सिम घ्यायचे तिच्या संकेतस्थळावर आपला आयएमईआय टाकून पाहण्याची सोय बहुधा असते. तिचा उपयोग घरूनच करावा.

यानंतर देश येतो आणि इथे आपल्याकडच्या सहलींचा कार्यक्रम समोर ठेवूनच विचार करावा लागतो. ठाण्याहून निघणारी बहुतेक 'युरोप' सहल पॅरिसला जाते, जर्मनीतून फिरते, स्वित्झर्लंडमध्ये दोन-तीन रात्री काढते आणि कधी लंडनपासून सुरू होते. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचे सिम दुसऱ्या देशात जादा आकाराशिवाय वापरता येते. ही सवलत नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइनलाही लागू आहे. स्वित्झर्लंड मात्र त्या संघात नाही आणि ब्रिटन बाहेर पडले आहे. म्हणजे पॅरिसला हौसेने घेतलेले सिम नेमके बर्फाच्या डोंगरावर, जिथून घरी व्हिडिओ कॉल करायचा असतो तिथेच, बंद पडू शकते किंवा शिल्लक झपाट्याने खाऊ शकते. पाकिटावर 'युरोप' लिहिले आहे एवढ्यावर विश्वास न ठेवता देशांच्या यादीत ही दोन नावे बोटाने शोधावीत. सहलीचा कार्यक्रम एका हातात आणि ती यादी दुसऱ्या हातात घेऊन बसले की दहा मिनिटांचे काम आहे.

दुबईला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर संदेश जातात, पण कॉलवर निर्बंध आहेत. रोज संध्याकाळी आईशी बोलायचे असेल तर भारतात कॉल करण्याची मिनिटे असलेला प्लॅन घ्यावा. चीनमध्ये प्रकार उलटा आहे. तिथले स्थानिक सिम घेतले की गूगल आणि व्हॉट्सॲप उघडत नाहीत, तर भारतीय नंबराच्या रोमिंगवर ते सहसा चालतात, म्हणून तिथे महाग वाटले तरी रोमिंगच बरे. जपानमध्ये पर्यटकांना मिळणारी सिम बहुतांशी फक्त डेटाची असतात, त्यांना बोलण्याचा नंबर नसतो. थायलंडमध्ये ८ आणि १५ दिवसांची पर्यटक सिम प्रचलित आहेत. आपल्या सहा रात्रींच्या सहलीला आठ दिवसांचे पुरते. तुर्कस्तानात तिथले सिम घातलेला परदेशी फोन १२० दिवसांनंतर नोंदणीअभावी बंद केला जातो. आठवड्याच्या सहलीला त्याची झळ नाही, पण शिकायला जाणाऱ्या मुलांना आहे.

रोमिंग पॅक, तिकडे जाऊन घ्यायचे सिम आणि इथूनच घेतलेले ई-सिम या तिघांत मी दरापेक्षा माणूस पाहून निवड करते. चार-पाच दिवसांसाठी, पहिल्यांदाच जाणाऱ्या ज्येष्ठांना मी रोमिंग पॅकच सांगते. नंबर तोच राहतो, काही काढावे-घालावे लागत नाही आणि बँकेचे संदेश येत राहतात. दहा दिवसांच्या पुढे, किंवा रोज नकाशा लावून स्वतः फिरणाऱ्यांना, स्थानिक सिम किंवा ई-सिम परवडते. ठाण्यात बसून परदेशी कंपनीचे प्लास्टिक सिम घ्यायचे असेल तर विक्रेत्याकडे दूरसंचार विभागाची परवानगी आहे का, हे विचारावे. प्रश्न विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडून घेऊ नये.

प्लॅन वाचताना 'अनलिमिटेड' या शब्दावर थांबू नये, त्याखालची बारीक अक्षरे वाचावीत. ठरावीक जीबीनंतर वेग इतका उतरतो की नकाशाही उघडायला वेळ लागतो. दिवस कसे मोजतात, म्हणजे २४ तासांचा एक दिवस की मध्यरात्री संपणारा, हे पाहावे, कारण रात्री अकराला उतरणाऱ्याचा एक दिवस तासाभरात जातो. ई-सिम फोनमध्ये घातल्यापासून मुदत सुरू होते की तिकडचे नेटवर्क पहिल्यांदा पकडल्यावर, हेही तिथेच लिहिलेले असते. घरात एकच सिम घेऊन बाकीच्यांना हॉटस्पॉट द्यायचा बेत असेल तर प्लॅनमध्ये त्याला मुभा हवी. सिंगापूरच्या क्रूझवर जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: भर समुद्रात जहाजाचे स्वतःचे नेटवर्क असते, ते साध्या पॅकमध्ये सहसा बसत नाही आणि त्याचे बिल डोळे पांढरे करणारे असते. जहाज सुटले की फोन विमान मोडवर टाकावा.

निघण्याच्या दोन दिवस आधी घरच्या वायफायवर ई-सिम फोनमध्ये घालून घ्यावे, अर्थात मुदत लगेच सुरू होत नसेल तर. क्यूआर कोड आपल्याच फोनवर ईमेलने येतो आणि तोच फोन स्वतःच्या पडद्यावरचा कोड कॅमेऱ्यात धरू शकत नाही, ही साधी गोष्ट ऐनवेळी लक्षात येते. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची प्रिंट काढून घ्यावी. पुष्कळ कोड एकदाच चालतात, म्हणून एकदा घातलेले ई-सिम परत येईपर्यंत पुसू नये. भारतीय सिमचे डेटा रोमिंग बंद करावे आणि एका सिमचे नेट गेले की आपोआप दुसऱ्यावर जाण्याची सोय असेल तर तीही बंद करावी. त्या शहरांचे नकाशे उतरवून ठेवावेत.

प्लास्टिकचे सिम घेणार असाल तर सिम काढायची पिन बरोबर हवी. मी ती आणि रिकामे सिमचे पाकीट औषधांच्या झिपच्या छोट्या पिशवीत घालून पासपोर्टच्या कव्हरात ठेवते. नॅनो सिम जेमतेम १२ मिलिमीटर लांब आणि ९ मिलिमीटर रुंद असते. विमानतळाच्या चकचकीत फरशीवर ते एकदा पडले की माणसे गुडघ्यांवर येऊन शोधतात, हे मी पाहिले आहे. सेफ्टी पिनने खाच उघडण्याच्या भानगडीत पडू नये, शेजारच्या माइकच्या छिद्रात ती सहज जाते.

तिथे पोचल्यावर सिम घेताना मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही. पासपोर्टची नोंद आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावी, पावती घ्यावी आणि काउंटर सोडण्यापूर्वी वायफाय बंद करून नकाशा उघडून पाहावा, सोबतच्या माणसाला एक कॉल लावावा. नेट आले नाही तर तिथेच एपीएन, म्हणजे नेट जोडणारी फोनमधली सेटिंग, तपासायला सांगावे. व्हॉट्सॲपने नवा नंबर दिसल्यावर नंबर बदलायचा का असे विचारले तर नकार द्यावा, म्हणजे सगळे गट आणि संपर्क जुन्याच नंबरावर राहतात.

परतीच्या विमानात बसल्यावर, दरवाजे बंद होण्याआधी, डेटा पुन्हा भारतीय सिमवर वळवून ठेवावा आणि परदेशी सिम बंद करावे. नाहीतर पहाटे टर्मिनल २ च्या बाहेर ठाण्याची टॅक्सी बोलवायला फोन काढाल आणि तो अजून बँकॉकचेच नेटवर्क शोधत बसलेला असेल.