खान्देशातल्या घरात बचत नेमकी कुठे गळते? या चुका टाळा

होळी झाली की आपल्याकडे वर्षाचं धान्य भरायची लगबग सुरू होते. गहू, दादर (आपली रब्बी ज्वारी), बाजरी, उडीद, तूर, वर नंदुरबारची लाल मिरची. हंगामात ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतलेला माल किराण्यापेक्षा स्वस्त पडतो, यात शंका नाही. पण पोतं घरात आलं म्हणजे पैसे वाचले असं धरणं, ही सगळ्यात महागडी चूक. पुढच्या होळीपर्यंत जेवढं धान्य टिकेल, तेवढेच पैसे वाचले.

सर्रास होणारी गोष्ट म्हणजे ऊन दाखवलेला गहू गरम असतानाच कोठीत ओतणं. रात्री पत्रा गार होतो आणि आतल्या वाफेचं पाणी झाकणाला आतून धरतं. तेच पाणी वरच्या थरात उतरतं. श्रावणात कोठी उघडावी तर वरचा वीतभर गहू हाताला दमट लागतो, कुबट वास येतो आणि गाठीच्या गाठी निघतात. म्हणून दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, मग रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि सकाळी भरा. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. चेपला गेला तर अजून ऊन हवं.

कडुलिंबाचा पालाही बरेच जण झाडावरून तोडून ओलाच टाकतात. त्याने कीड जात नाही, उलट ओल वाढते. पाला सावलीत कुरकुरीत वाळवा, सुती फडक्यात बांधा आणि पुरचुंड्या थराथरात ठेवा. कोठी लाकडी फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. मागच्या वर्षीचे उरलेले चार किलो नव्या गव्हात मिसळू नका, कीड बहुतेक तिथूनच येते. अख्ख्या उडीद-तुरीत भुंगा शेतातूनच येतो, त्यामुळे वर्षभर लागणारी तूर लवकर भरडून डाळ करून ठेवलेली बरी. डाळीला एरंडेल चोळायचं ते तळहात ओलसर होईल इतकंच.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. बाजारात मिळणाऱ्या धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या घरात आणूच नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून हवेतल्या ओलाव्यानेच फॉस्फीन वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा त्याने जीव जातो. टोके, म्हणजे धान्यातले किडे, पडलेच तर धान्य चाळा, पाखडा आणि उन्हात पातळ पसरा, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते पळतातच. बुरशी धरलेलं धान्य मात्र फेकून द्या, गुरांनाही घालू नका.

दळणातही असंच होतं. चक्कीवर फेरी वाचावी म्हणून महिन्याची बाजरी एकदम दळून आणली की आठ-दहा दिवसांत पीठ कडसर होतं, कारण बाजरीत तेलाचा अंश जास्त. कळण्याच्या भाकरीचं, म्हणजे दादर-उडदाचं पीठही आठवड्यापुरतंच आणा. दादर चार वाट्या तर उडीद एक वाटी, असं मोजून डबा भरून ठेवला की घाईत गडबड होत नाही. मिरची पूर्ण वाळलेली, हलवली की बी वाजणारी घ्या आणि अख्खीच ठेवा. दमट मिरची किलोला स्वस्त दिसते, पण त्यात पाण्याचं वजन असतं आणि पुढे बुरशीही.

केळी स्वस्त म्हणून अख्खा घड आणला की सगळ्या फण्या एकदम पिकतात. उतरवल्याबरोबर फण्या वेगळ्या करून लांब लांब ठेवा, कच्च्या दोन फण्यांचे वेफर्स करून टाका. भरताची वांगी हिवाळ्यातच खा. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, पण ती खरी चव थंडीतली. उन्हाळ्यात दुप्पट भावाने आणलेल्या वांग्याच्या भरताला ती येत नाही.

आता वीज. पारा ४४-४५ वर जातो तेव्हा कूलरशिवाय निभाव नाही, आणि आपल्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. साधा कूलर १५०-२०० वॉट घेतो, दीड टनाचा एसी १,५०० वॉटच्या आसपास. पण खिडक्या-दारं बंद करून कूलर लावला तर तासाभरात खोली चिकट होते आणि माणूस वैतागून एसीचं दुकान गाठतो. कूलर खिडकीत बाहेरची हवा ओढेल असा बसवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. आपल्या बोअरच्या जड पाण्याने जाळीवर पांढरा थर बसतो, तो पंधरा दिवसांनी घासून काढा. टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून कोरडी पुसा, नाहीतर डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. वीजबिलात १०० युनिटनंतर आणि पुन्हा ३०० नंतर दर चढतो, म्हणून महिन्याच्या मध्यात एकदा मीटर बघा.

घरात आरओ असेल तर एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया जातं. रावेर-यावलसारख्या भागात भूजल आधीच उपसून खोल गेलंय, तिथे हे परवडणारं नाही. ती नळी बादलीत सोडा. हे पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला चालतं. तुळशीला किंवा मिरचीच्या रोपाला रोज घालू नका, क्षारांनी पानांच्या कडा करपतात. नळाचं पाणी धरणाचं आणि गोड असेल तर आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजून घ्या. बऱ्याच घरांना आरओची गरजच नसते. साधा गाळणीचा फिल्टर, पावसाळ्यात उकळलेलं पाणी आणि उन्हाळ्यात माठ, एवढ्यावर भागतं.