रिलीज ब्रांच ट्रंकमध्ये मर्ज करताना या चुका टाळा

ट्रंक म्हणजे मुख्य ब्रांच, आणि रिलीज ब्रांच म्हणजे ग्राहकाला द्यायच्या आवृत्तीसाठी काढलेली वेगळी ब्रांच. मर्जमध्ये, म्हणजे एका ब्रांचचे बदल दुसरीत आणताना, काय घ्यायचं हे गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) इतिहासावरून ठरवतं. दोन ब्रांचचा शेवटचा सामायिक कमिट (नोंदवलेला बदल), म्हणजे मर्ज-बेस, ते शोधतं आणि तिथून पुढे दोन्हीकडे जे बदललं ते जुळवतं. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: कोड इकडून तिकडे जातो, पण त्याची नोंद राहत नाही किंवा चुकीची राहते.

मर्ज रिव्हर्ट करून तीच ब्रांच पुन्हा मर्ज करणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि ती ठरलेल्या क्रमाने घडते. शुक्रवारी संध्याकाळी ४.२ ची रिलीज ब्रांच ट्रंकमध्ये मर्ज होते. तिच्यात सहा दुरुस्त्या असतात. ट्रंकचा बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करणं) मोडतो, सगळ्यांना घरी जायची घाई असते, म्हणून कुणीतरी ‘गिट रिव्हर्ट -एम १’ चालवून मर्ज उलटवतं. सोमवारी बिल्ड मोडणारी गोष्ट रिलीज ब्रांचवर सातव्या कमिटमध्ये ठीक होते आणि ब्रांच पुन्हा मर्ज केली जाते. सातवा कमिट वेगळ्या फाइलमधला असेल तर कॉन्फ्लिक्टही (दोन्हीकडच्या बदलांची टक्कर) येत नाही, आणि सगळे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात ट्रंकवर एकटा सातवा कमिट आलेला असतो. आधीच्या सहाही दुरुस्त्या तिथे नसतात.

कारण रिव्हर्टमुळे मजकूर उलटतो, इतिहास नाही. पहिला मर्ज इतिहासात तसाच असल्यामुळे आता मर्ज-बेस म्हणजे सहावा कमिट. त्यापुढे रिलीज ब्रांचवर फक्त सातवा आहे, आणि ट्रंकवर ‘त्या सहा काढून टाका’ असा बदल आहे. गिट दोन्ही मान्य करतं. ४.२.१ मध्ये दुरुस्त झालेले बग मग ४.३ बरोबर ग्राहकाकडे परत जातात.

उपाय सरळ आहे. ट्रंकवरून तात्पुरती ब्रांच काढा, तिच्यावर आधी त्या रिव्हर्टचाच रिव्हर्ट करा, मग रिलीज ब्रांच मर्ज करा, बिल्ड पास झाला की ट्रंकमध्ये आणा. त्याहून चांगलं म्हणजे रिव्हर्टची वेळच येऊ देऊ नका. ‘गिट मर्ज --नो-एफएफ --नो-कमिट’ चालवा, पूर्ण बिल्ड आणि टेस्ट होऊ द्या, मगच कमिट आणि पुश (सामायिक रिपॉझिटरीत पाठवणं). बिघडलं तर ‘गिट मर्ज --अबॉर्ट’, आणि कुणाला त्रास नाही. कॉन्फ्लिक्ट नाही म्हणजे मर्ज बरोबर, हा समज सोडा. ट्रंकवर फंक्शनचं नाव बदललेलं असतं आणि रिलीज ब्रांचवरची नवी ओळ जुन्याच नावाने हाक मारते. गिटला त्यात काही वावगं दिसत नाही. बिल्डला वीस मिनिटं लागतात म्हणून ही पायरी गाळणाऱ्याला मर्जचे अधिकार देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

रिलीज ब्रांच स्क्वॉश करून आणणं

इतिहास सुटसुटीत दिसतो म्हणून नवे लोक स्क्वॉशचं, म्हणजे ब्रांचचे सगळे कमिट एकात गोळा करायचं, बटण दाबतात. छोट्या फीचर ब्रांचला ते चालतं, कारण ती लगेच पुसली जाते. रिलीज ब्रांच महिनोन्‌महिने जगते. स्क्वॉश केलेल्या कमिटला एकच पालक (आधीचा कमिट) असतो, तोही ट्रंकवरचा, त्यामुळे मर्ज-बेस होता तिथेच राहतो आणि पुढच्या वेळी जुने सगळे बदल पुन्हा तुलनेला येतात. मधल्या काळात ट्रंकवर त्याच ओळी कुणी बदलल्या असतील, तर सोडवलेलाच कॉन्फ्लिक्ट परत सोडवत बसा.

स्क्वॉश होऊन गेलंच असेल, तर रिलीज ब्रांचवरच्या नेमक्या ज्या कमिटपर्यंतचं स्क्वॉश झालं, तो कमिट ‘गिट मर्ज -एस अवर्स’ने ट्रंकमध्ये मर्ज करा. मजकूर बदलत नाही, नोंद तेवढी होते. ब्रांचचं टोक देऊ नका. स्क्वॉशनंतर आलेल्या दुरुस्त्या ‘आल्या’ म्हणून नोंदल्या जातील आणि कोड कधीच येणार नाही. आणि ‘-एस अवर्स’ला ‘-एक्स अवर्स’ (मोठ्या लिपीतला एक्स) समजू नका. पहिला पर्याय समोरची बाजू पूर्ण टाकून देतो, दुसरा फक्त कॉन्फ्लिक्टच्या जागी आपली बाजू घेतो.

आवृत्ती क्रमांकाच्या कमिटलाही हीच युक्ती. ४.२.१ चा आकडा ट्रंकवर नको असतो. आधी त्याच्या लगेच आधीच्या कमिटपर्यंत साधा मर्ज, मग तो एकटा कमिट ‘-एस अवर्स’ने, मग पुढचे नेहमीसारखे. यासाठी आवृत्ती बदलणाऱ्या कमिटमध्ये दुसरं काहीही घालू नका.

बाकीच्या

दुरुस्तीची दिशा ठरलेली नसणं. लिनक्सच्या स्टेबल शाखांचा नियम आहे की दुरुस्ती आधी मुख्य शाखेत, मग मागे. गिट प्रकल्प स्वतः मेंट (देखभालीची) शाखा वर मास्टर या मुख्य शाखेत मर्ज करतो. दोन्ही रीती चालतात, एकाच प्रकल्पात दोन्ही चालत नाहीत.

ट्रंक रिलीज ब्रांचमध्ये मर्ज करणं. एका दुरुस्तीसाठी अर्धवट फीचर्सची अख्खी रांग आत येते. चेरी-पिक करा, म्हणजे तेवढाच कमिट उचलून आणा, आणि ‘-एक्स’ (इथे लहान लिपीतला) लावून करा, म्हणजे मूळ कमिटचा हॅश (ओळखीचा आकडा) संदेशात राहतो.

चेरी-पिक पोचला का हे ‘गिट ब्रांच --कंटेन्स’ने शोधणं. नव्या प्रतीचा हॅश वेगळा असतो, त्यामुळे ती तिथे दिसत नाही. ‘गिट चेरी’ला आधी ट्रंक आणि मग रिलीज ब्रांच द्या: वजा चिन्ह म्हणजे तोच बदल ट्रंकवर आहे, अधिक म्हणजे नाही. कॉन्फ्लिक्ट सोडवताना बदल थोडा वेगळा झाला असेल तरीही अधिकच दिसतं, म्हणून ते कमिट डोळ्यांनी पाहावे लागतात.

मूळ मजकूर न पाहता कॉन्फ्लिक्ट सोडवणं. ‘मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल’ला ‘झेडडिफ३’ द्या (गिट २.३५ पासून आहे). दोन बाजूंच्या मध्ये मर्ज-बेसचा मजकूर दिसतो आणि कुणी काय बदललं ते ताडावं लागत नाही. एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट लक्षात ठेवणारी ‘रेरेरे’ ही सोयही चालू ठेवा.

गिटऐवजी सबव्हर्जन या जुन्या साधनावर असाल, तर मर्ज कायम ब्रांचच्या मुळाशी करा. एकट्या फाइलवर केलात की मर्जइन्फोची (काय मर्ज झालं ते सांगणाऱ्या गुणधर्माची) नोंद त्या फाइलवर पडते आणि पुढच्या प्रत्येक मर्जमध्ये तिचा वेगळा हिशेब करावा लागतो. कमिट करताना मूळ फोल्डरवरचा गुणधर्माचा बदल ‘मी हा केलेला नाही’ म्हणून वगळणारेही भेटतात. तोच बदल म्हणजे मर्जची नोंद. तो कमिटमध्ये गेलाच पाहिजे.